‘मीच राज्य’चा तक्ता

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक तक्ता अधूनमधून फिरून येतो. डावीकडे फ्रान्स, उजवीकडे इंग्लंड. फ्रान्सखाली लिहिलेलं असतं: चौदावा लुई म्हणाला ‘मीच राज्य’, राजाचा शब्द हाच कायदा. इंग्लंडखाली: १६८८ची रक्तहीन क्रांती, राजा नामधारी, सत्ता जनतेकडे. पाठ करायला झकास आहे. फक्त त्यातली एकही ओळ धड टिकत नाही.

आधी ते वाक्य. एप्रिल १६५५मध्ये सोळा वर्षांचा लुई शिकारीच्या पोशाखातच पॅरिसच्या पार्लमांमध्ये गेला. (नाव फसवं आहे. पार्लमां म्हणजे संसद नव्हे, वरिष्ठ न्यायालय.) राजाचे हुकूम लागू होण्याआधी इथल्या दप्तरी नोंदवले जात, आणि न्यायाधीश मंडळी नोंदवलेल्या हुकमांवर पुन्हा चर्चा करायला बसली होती. लुईनं ती चर्चा बंद पाडली, एवढं खरं. ‘मीच राज्य’ हे शब्द त्या वेळच्या कुठल्याही नोंदीत नाहीत. ते नंतर त्याच्या तोंडी घातले गेले. १७१५मध्ये मरणाच्या दारात असताना तो जे बोलला म्हणून नोंदलं गेलं, ते तर नेमकं उलट आहे: मी जातोय, पण राज्य कायम राहणार आहे.

‘राजाचा शब्द हाच कायदा’ या ओळीवर जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत इथेच आहे. फ्रान्समध्ये न्यायाधीशाचं पद विकत मिळायचं. १६०४पासून तर अशी सोय झाली की पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की पद घरातच राहणार, बापानंतर मुलाकडे. आपल्याकडचं वतनच म्हणा ना. राजाला तिजोरीत रोकड हवी होती, ती मिळाली. पण त्या माणसाला काढायचं तर पदाची किंमत परत करावी लागणार, आणि तेवढे पैसे असते तर पद विकलं कशाला असतं? हुकूम नोंदवायचा की अडवायचा, हे अशा वतनदारांच्या हातात. १६७३मध्ये लुईनं त्यांना बजावलं, आधी नोंदवा, हरकत मग घ्या. तो गेला त्याच वर्षी त्यांनी जुना हक्क परत मिळवला.

कायदाही एक नव्हता. दक्षिणेत रोमन कायदा, उत्तरेत गावोगावच्या रूढी. मिठावरचा कर फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात माफ आणि शेजारच्या मेन प्रांतात जबर, त्यामुळे त्या सीमेवर चोरट्या मिठाचा धंदा जोरात. सरदार आणि धर्मगुरू मुख्य करातून सुटलेले. दोन कोटी लोकांच्या देशात प्रांतांवर देखरेख करायला राजाचे थेट नेमलेले मोठे अधिकारी होते तीसेक. शब्द कायदा असता, तर एवढ्या सवलती सांभाळत बसायची वेळ आली नसती.

अनियंत्रित राजेशाही म्हणजे कायदाच नाही, हाही गैरसमज. डेन्मार्कच्या राजानं १६६५मध्ये आपली अनियंत्रित सत्ता चक्क लिखित कायद्यात मांडून घेतली. त्यात राजावर बंधनं होती: ल्युथरचा प्रॉटेस्टंट पंथ सोडायचा नाही, राज्याची वाटणी करायची नाही.

आता ‘रक्तहीन’. इंग्लंडपुरतं बोलायचं तर बरंचसं खरं. राजा जेम्स दुसरा याचा डच जावई, ऑरेंजचा विल्यम, नोव्हेंबर १६८८मध्ये फौज घेऊन उतरला आणि जेम्स फारसा न लढता पळाला; गादीवर विल्यम बसला. पण तोच जेम्स पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये उभा राहिला. १६९०ला बॉइन नदीकाठी लढाई झाली, १६९१ला ऑग्रिमला, तिथं एका दिवसात हजारो माणसं पडली. आयरिश माणसाला ‘रक्तहीन’ म्हणून दाखवा एकदा.

राजा नामधारी? विल्यम मंत्री स्वतः निवडायचा, युद्ध स्वतः चालवायचा. दर तीन वर्षांनी निवडणूक घ्यायचं विधेयक त्यानं १६९३मध्ये सरळ नाकारलं. १६९४च्या अखेरीस फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी पैसे हवे होते, तेव्हा मान्य केलं. आणि जनता कोणती? बहुसंख्य माणसांना मतच नव्हतं. ओल्ड सॅरमची जवळजवळ ओसाड टेकडी १८३२पर्यंत दोन खासदार पाठवत होती.

मग १६८८नंतर बदललं काय? माझ्या मते, पैशाची दोरी. जेम्सला जकातीचं उत्पन्न संसदेनं तहहयात दिलं होतं. विल्यमला १६९०मध्ये चारच वर्षांसाठी दिलं. शांततेच्या काळात खडी फौज ठेवायलाही संसदेची परवानगी. म्हणजे राजाला दरवर्षी संसद बोलवावीच लागणार. यातून राजसत्ता दुबळी झाली असं वाटेल, पण झालं भलतंच. हमी राजाची नाही, संसदेची, म्हणून लोक निर्धास्तपणे कर्ज द्यायला लागले. १६९४मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली आणि फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी तिनं सरकारला बारा लाख पौंड दिले, आठ टक्क्यांनी. अठराव्या शतकात तर इंग्रज माणूस फ्रेंच माणसापेक्षा डोईमागे जास्त कर भरत होता.

त्याच युद्धाचा खर्च भागवायला १६८९च्या डिसेंबरात लुईनं व्हर्सायच्या आरसेमहालातली चांदीची टेबलं आणि झाडांच्या चांदीच्या कुंड्या टांकसाळीत वितळवायला धाडल्या होत्या.