भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ भुकेलाच हवा

परवा लेकीसाठी म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचं नवंकोरं चित्रपुस्तक आणलं, कागद गुळगुळीत, रंग सुंदर, आणि रात्री वाचायला बसले तर त्यात वाघ म्हातारीला खायचं नावच काढत नाही! तो विचारतो, आजी कुठे चाललीस, मी येऊ का सोबत. मग म्हातारी भोपळ्यात बसतेच कशाला? 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' हेच काढून टाकलंय, आणि सगळी गोष्ट त्यावरच तर उभी आहे हो. लेक पाच वर्षांची, माझ्या आईकडून तिने ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकलीय. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, हा वाघ खोटा आहे.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. मला स्वतःला भीतीच्या गोष्टी मनापासून आवडतात. आठवीत असताना वाचनालयातून नारायण धारप आणायचे, दिवसा वाचायचे आणि रात्री पुस्तक बाहेरच्या खोलीत ठेवून मगच झोपायचे, उशाशी ठेवायची हिंमत नव्हती. आणि तरी दुसऱ्या दिवशी पुढचं पान उघडायचेच. ते पुढचं पान उघडणं, ती ओढ, मला वाटतं मुलांनाही मिळायला हवी, आणि आपण ती 'मुलं घाबरतील' म्हणून काढून घेतोय.

घाबरवणं म्हणजे अंगावर ओरडणं नाही ना. कमाल अमरोहींचा 'महल' सिनेमा बघा, १९४९चा, मधुबाला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. रक्त नाही, विद्रूप चेहरा नाही, नुसता काळोख, झोपाळा, आणि लांबून येणारा तो आवाज. लताबाईंनीच पुढे सांगितलंय की 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी त्यांनी स्टुडिओच्या कोपऱ्यातून माइककडे हळूहळू चालत येत गायल्या, म्हणून तो आवाज जवळ येतोय असं वाटतं. गाणं जवळ येतं आणि अशोककुमारबरोबर आपणही नकळत पुढे सरकतो, हेच तर भीतीचं काम, पळवून लावायचं नाही, बोलवायचं. शेवटी भूतबीत काही नाही, माळ्याची मुलगी निघते. तरी तो पहिला तासभर जो काटा येतो तो येतोच. (उत्तरार्धातली कोर्टकचेरी मला आजही लांबलेली वाटते, पण ते असू दे.)

आता हेच चित्रपुस्तकात कसं होतं ते सांगते. मॉरिस सेंडाकचं १९६३चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' आमच्याकडे आहे. मॅक्स नावाचा मुलगा दंगा करतो, आई त्याला न जेवता खोलीत पाठवते, आणि खोलीत जंगल उगवतं. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध छोटंसं, भोवती पांढरी कोरी जागा. पानं उलटत जाल तसं चित्र वाढत जातं, कोरी जागा खाऊन टाकतं, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एक शब्दसुद्धा नाही. तिथे मी गप्प बसते. लेक सुरुवातीला राक्षसांच्या पिवळ्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवायची, मग दोन बोटं फाकवून बघायची, आणि आता सरळ डोळे वटारून बघते, कारण मॅक्सही तसाच पापणी न लववता त्यांच्याकडे बघत राहतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. आणि परत आल्यावर जेवण वाट बघत असतं, अजून गरम. शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त ते गरम असल्याचं वाक्य. दर वेळी तिथे माझा आवाज जरा हलतो.

माझी आत्या म्हणाली, अगं रात्रीच्या वेळी राक्षस कशाला दाखवतेस, पोर झोपेत दचकेल. तिची काळजी मला कळते, खरंच कळते. मुलाला नको असेल तर पुस्तक तिथेच मिटावं, बळजबरी अजिबात नको. पण पान उलटायचं की नाही हे त्याच्या हातात असतं, टीव्हीवर तसं नसतं. पुस्तक मुलाच्या वेगाने घाबरवतं.

रत्नाकर मतकरींनी हे फार आधी ओळखलं होतं असं मला वाटतं. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारा हाच माणूस मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहितो आणि त्यात चेटकीण आणतो, दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली ती चेटकीण. मी लेकीला अलीकडचा, वैभव मांगले चेटकीण असलेला प्रयोग दाखवला. चेटकीण आल्यावर आधी ती माझ्या मांडीवर चढली, माझी ओढणी तोंडात धरली, आणि थोड्या वेळाने खुर्चीवर उभी राहून बाकीच्या पोरांबरोबर तिच्यावर ओरडत होती. घरी येताना रिक्षात पूर्ण वेळ चेटकिणीचीच नक्कल.

ते भोपळ्याचं पुस्तक मी फेकलं नाही. काल रात्री वाघाच्या पानावर आम्ही पेन्सिलने त्याचं वाक्य लिहिलं, 'म्हातारे म्हातारे, मी तुला खातो'. लेकीने 'खातो' स्वतः लिहिलं, खा जरा वाकडा आलाय आणि वाघाला चार जास्तीचे दात काढलेत. तुमच्या घरी जुनी, भुकेल्या वाघाची चित्रं असलेली प्रत असेल तर प्लीज फोटो पाठवा, तिला बघायचीय.