एकट्याला यस

परवा संध्याकाळी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मला साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका क्लासात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर हलवण्यात आलं.

क्लास लावायचं कारण क्षुल्लक. सोसायटीच्या ग्रुपवर मी 'वॉटर इज नॉट कम' असं लिहिलं आणि चौथ्या मजल्यावरच्या पोराने त्याला हसरं तोंड चिकटवलं. पाणी त्याच्याही नळाला नव्हतं, हे सोडा. तीन हजार भरले. ते परत मिळणार नाहीत, असं पावतीवर छापलंय. बॅचमध्ये सातवीची पाच पोरं, दोन नव्या सुना आणि मी. २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, आमच्या वेळी पाचवीपासून होतं. ती चार वर्षांची थकबाकी मी आता व्याजासकट फेडतोय.

तर आजी. नातवाला सोडायला येतात. घरी जाऊन पुन्हा न्यायला यायचं गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मागच्या भिंतीला टेकून तिथेच बसतात. पुढ्यात सूप, सुपात घेवडा. शेंग मोडली की टच्. मॅडमपेक्षा तोच आवाज जास्त ऐकू येतो.

"काका, 'तो ऑफिसला जातो' सांगा."

"ही गो टू ऑफिस."

"गोज," मागून आवाज. टच्.

मी वळलो. "आजी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"मला कुटलं येतंय? पर तीन म्हयनं ऐकतीय न्हवं."

मला हे लागलं. मी वादाला उभा राहिलो. एक बुक, अनेक बुक्स. म्हणजे यस अनेकवचनाचा. मग एकटा माणूस ऑफिसला निघाला तर त्याला यस कशाला?

"आवो, एकटा हाय म्हणूनच. वाटंत सोबतीला दिलाय. दोघं-चौघं असली की कशाला लागतीय सोबत? दे गो."

"मीसुद्धा एकटाच की! मग आय गोज का नाही?"

आजींनी पहिल्यांदाच सुपातून मान वर काढली. माझ्याकडे किडक्या शेंगेकडे बघावं तसं बघितलं.

"मी आन तू समोरासमोर बोलत बसल्यालं असत्यात. एकमेकाला हायतच की. त्यो बिचारा तिकडं लांब, हितं नसतोय."

मॅडम, ज्या माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, म्हणाल्या, "लिहून घ्या रे हे." पोरांनी लिहून घेतलं. सुनांनीही. माझे तीन हजार, आजींचं शून्य. आणि वर, "काका, तुम्ही जरा पुढे बसा, लक्ष राहील."

पुढे बसून आर्टिकलं झाली. नदीच्या नावाआधी 'द' लावायचा, एकट्या डोंगराच्या नावाआधी नाही. म्हणजे माहुलीच्या संगमावर कृष्णेला मान, वेण्णेला मान आणि ज्या अजिंक्यताऱ्यावरून शाहू महाराजांनी मराठ्यांचं राज्य चालवलं, तो तसाच बोडका उभा. आजींना विचारणार होतो, पण 'नदी बाईमाणूस हाय' असं काहीतरी उत्तर येईल आणि तेही वहीत जाईल, म्हणून गप्प बसलो.

खरं सांगू? मला आजींचा राग नाही. क्लासच्या दारावरची पाटी रोज दिसते, तिचा आहे. 'इंग्रजी सोप्या पध्दतीने शिकवीण्यात येइल.' एवढ्याशा ओळीत तीन चुका, आणि त्याच दारातून आत जाऊन एका यसासाठी मी उभा राहतो. त्या पाटीला अजून कुणी हसरं तोंड लावलेलं नाही. मी एकदा मॅडमना दाखवली, तर म्हणाल्या, "काका, कळतंय ना? मग झालं." वॉटर इज नॉट कम पण कळत होतं की हो!

काल क्लासात पाऊल टाकलं, तर आजींनी हाक मारली. "भाऊ, पुढं बसून हात मोकळंच असत्यात तुमचं. येवढा सोला." मांडीवर पिशवी आली. पास्ट टेन्स चालू असताना मी अर्धा किलो घेवडा सोलला. 'गो'चं 'वेंट' कसं होतं, हे त्या टच् टच्‌मध्ये राहूनच गेलं.

जाताना आजींनी पिशवीत हात घालून बघितलं. "साली राहिल्यात ह्यात," म्हणाल्या.