दोन पावसाळ्यांत गाळ का धुतला जात नाही

नमस्कार. ठाणे खाडीच्या गाळात नायट्रोजन साठून राहतो, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, ‘नायट्रोजन हा हवेतला ७८ टक्के वायू, तो ठाणे खाडीच्या गाळात साठेलच कसा? सांडपाणी बंद करा, दोन पावसाळ्यांत खाडी धुऊन निघेल.’

सांडपाणी आधी थांबायला हवं, हे मलाही मान्य आहे. आणि लेखात मी सरसकट ‘नायट्रोजन’ लिहिलं, ही चूक माझीच. गाळात तो वायू म्हणून येत नाही. मैला, शेवाळ, तिवराची पानं, कोळंबीची टरफलं यांतून, कार्बनशी जोडलेल्या रूपात येतो, उदाहरणार्थ प्रथिनांत. प्रथिनांचे रेणू जिवाणूंना अख्खे आत घेता येत नाहीत. म्हणून ते विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतात, रेणू तोडतात आणि तुकडे आत घेतात. त्यांच्या गरजेपेक्षा जास्तीचा नायट्रोजन अमोनियम (हायड्रोजनशी जोडलेलं, पाण्यात विरघळणारं रूप) होऊन गाळातल्या पाण्यात उतरतो.

खरी अडचण इथून सुरू होते. अमोनियमचा पुन्हा वायू व्हायचा तर साधारणपणे आधी प्राणवायू लागतो, म्हणजे त्याचं नायट्रेट (प्राणवायूशी जोडलेलं रूप) होतं; आणि मग प्राणवायू नसलेली जागा लागते, जिथे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करतात. मैल्याने भरलेल्या चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. खाली सल्फाइड हे गंधकाचं संयुग असतं (ओहोटीला येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच), आणि ते नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं. त्यामुळे अमोनियम पहिल्याच पायरीवर अडकतं. त्यात बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती ऋणभारित असते, ती धनभारित अमोनियमला धरून ठेवते. वरचं पाणी स्वच्छ झालं की हाच साठा हळूहळू वर झिरपू लागतो. पाऊस पाणी बदलतो. वीतभर खालचा चिखल तसाच राहतो.

काही नायट्रोजन तर अमोनियमही होत नाही. मातीच्या कणांतल्या सूक्ष्म छिद्रांत प्रथिनांचे तुकडे अडकतात आणि विकरं तिथवर पोचत नाहीत. जुन्या गाळात जिवाणूंच्या भिंतींमधली अमिनो आम्लंही सापडतात. त्यांतल्या काहींची घडण नेहमीच्या प्रथिनांतल्या आम्लांची आरशातली प्रतिमा असावी तशी उलटी असते, म्हणून ती ओळखू येतात. जिवाणू मेले, भिंती उरल्या. मला हा या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो.

‘मग गाळ उपसा,’ असंही तुम्ही लिहिलंय. उपसताना गाळातलं अमोनियम एकदम पाण्यात मिसळतं, सल्फाइड पाण्यातला प्राणवायू खातं, आणि त्याचा फटका माशांना बसतो. कुठे, किती खोल उपसायचं हे ठरवण्याआधी खोलीनुसार अमोनियम मोजायलाच हवं.

एकदा ओहोटीला शिवडीला जाऊन खेकड्यांची बिळं नीट पाहा. आजूबाजूचा चिखल काळा असला तरी बिळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं. तिथवर प्राणवायू पोचलेला असतो, आणि अडकलेल्या अमोनियमला वायूकडे जायची वाट तिथेच मिळते.