कोचला काय कळतंय!

फिलाडेल्फियाच्या आसपास बिऱ्हाड थाटलंत ना? छान. इंडियन स्टोअर सापडलं, मंडळाची वर्गणी भरून झाली, बर्फ उपसायचं फावडंही घेतलंत. आता एकच राहिलं. ईगल्स म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ, त्याच्या क्वार्टरबॅकविषयी तुमचं ठाम मत हवं.

‘मला त्या फुटबॉलमधलं काही कळत नाही’ ही सबब इथे चालत नाही. कुणालाच कुणी परीक्षा विचारत नाही. तरी कामापुरतं सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जवळपास दर प्रयत्नाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि पुढे जे काही बिघडतं ते त्याच्यामुळे बिघडतं. एवढ्या भांडवलावर इथे लोकांनी तीस-तीस वर्षं काढली आहेत.

पण नेहमीच्या क्वार्टरबॅकवर बोलणं ही झाली बिगरी. मॅट्रिकचा पेपर म्हणजे बदली क्वार्टरबॅक. आणि बदली कसा हवा, तर ज्याचा काडीचा भरवसा नाही असा. नेहमीच वाईट खेळणारा काय कामाचा? त्याच्याबद्दल दोन मिनिटांत एकमत होतं, आणि एकमत झालं की उठून घरी जावं लागतं. आज देव, उद्या दगड असा गडी मिळाला तर अख्खा हिवाळा सुखात जातो.

2017 चा मोसम हे आपलं क्रमिक पुस्तक समजा. 10 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध नेहमीचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याचा गुडघा गेला. ईगल्स तो सामना जिंकले, 13 पैकी 11 विजय झाले, आणि गावात सुतक पडलं. कोच डग पीडरसनने बदली निक फोल्सला उतरवलं. इथे तुमचं पहिलं कर्तव्य म्हणजे मान हलवून ‘संपलं’ म्हणणं. उसासा हवाच, पण माफक. मोसम अजून बाकी आहे.

मग दोन्ही खिसे भरून घ्या. डाव्या खिशात 2013 ठेवा. त्या मोसमात याच फोल्सने याच ईगल्सकडून 27 टचडाउन पास फेकले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार) आणि फक्त 2 चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. ओकलंडला तर एका सामन्यात 7 टचडाउन. उजव्या खिशात 2015 ठेवा. सेंट लुइसच्या संघातली जागा गेली, आणि पुढे खेळच सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं. दोन्ही खरं आहे. म्हणूनच दोन्ही हात एकदम खिशात घालायचे नाहीत.

17 डिसेंबरला जायंट्सविरुद्ध चार टचडाउन, 34-29 विजय. डावा खिसा. नाताळच्या रात्री रेडर्सविरुद्ध 38 पासांपैकी 19 लागले, म्हणजे बरोब्बर निम्मे. उजवा खिसा. 31 डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत डॅलसविरुद्ध 11 पैकी 4, एकूण 39 यार्ड, आणि 6-0 असा पराभव. तेव्हा उजवा खिसा उलटा करून झटकायचा. एखादा शहाणा सांगू लागेल की बाद फेरीसाठीचा पहिला क्रमांक आधीच पक्का झाला होता, त्या सामन्याला अर्थ नव्हता, कोचने फोल्सला लवकरच बाहेर बसवलं. अशा माणसाला बोलू देऊ नका. असल्या माणसांमुळेच चांगल्या चर्चा मरतात.

आमच्या ऑफिसातला एक बुजुर्ग तुम्ही बघायला हवा होतात. पिढ्यान्‌पिढ्या ईगल्सवाला, हिरवी लोकरी टोपी, जी तो मीटिंगमध्येही काढत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी कॉफी मशीनशेजारच्या टेबलावर त्याने साखरेच्या चार पुड्या मांडल्या. हे आपले पळणारे. लाकडी ढवळणी म्हणजे डॅलसचा बचाव. ‘ही पुडी मोकळी होती,’ तो म्हणाला, आणि मोकळी पुडी माझ्यासमोर नाचवली. ‘हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.’ मी पुडीकडे बघितलं. खरंच मोकळी होती. मग त्याने पुडी फाडून आपल्या कॉफीत ओतली आणि निकाल दिला: ‘सडफेल्डला खेळवा.’

नेट सडफेल्ड हा तिसरा क्वार्टरबॅक. डॅलसविरुद्ध शेवटी तोच आत आला होता. लीगमधला त्याचा पहिलाच सामना, 23 पैकी 19 पास लावले. दोघांनी मिळून गुण किती केले, तर शून्य, पण ते सोडा. तिसऱ्याचं नाव घेणं ही वरच्या इयत्तेची चाल आहे, लिहून ठेवा. तिसरा नेहमी निष्कलंक असतो, कारण तो खेळलेलाच नसतो.

आता कोच. ‘कोचला काय कळतंय!’ हे वाक्य तुम्ही आरशासमोर घोटून ठेवा. आणि पुढची माहिती वाचून विसरून जा. पीडरसन स्वतः जन्माचा बदली. ग्रीन बेच्या संघात क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या मागे वर्षानुवर्षं बसला. 1999 मध्ये फिलाडेल्फियात नऊ सामने सुरुवातीला खेळला, तेही नवा डॉनोव्हन मॅकनॅब तयार होईपर्यंत जागा धरून ठेवायला, एसटीत रुमाल टाकतात तसा. तेव्हा याच गावाने त्याची हुर्यो उडवली होती. आक्रमणाचा सूत्रधार फ्रँक राइक हाही बदलीच. जानेवारी 1993 मध्ये नेहमीचा जिम केली जायबंदी असताना बफेलोकडून उतरला, 35-3 असा मागे पडलेला सामना 41-38 ने जिंकून दिला. म्हणजे फोल्सचं काय करायचं हे ठरवणाऱ्या दोघांनी उमेदीची वर्षं नेमक्या त्याच बाकावर काढली होती. पण त्यांना साखरेच्या पुड्यांचा अनुभव नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगतो, तीही वापरू नका. आठवडाभर सरावातले बहुतेक डाव नेहमीच्या क्वार्टरबॅकला मिळतात. बदली गडी बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावाला सराव देत असतो. मग एका रविवारी अचानक त्याला दुसऱ्यासाठी रचलेले डाव खेळायचे असतात. परक्या घरात अचानक वीस माणसांच्या पोळ्या करायला उभं राहून बघा. लाटणं सापडतं, तर पिठाचा डबा सापडत नाही. पहिल्या चार पोळ्यांचे नकाशे होणारच. पीडरसन आणि राइकने काय केलं, तर फोल्सच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत काढून बसले, त्याला कुठले डाव जमायचे ते पाहिलं, आणि तेच वाढवून दिले. हे कारण इतकं पटण्यासारखं आहे की चुकून तोंडातून गेलं तर वाद जागीच विझेल. जपा.

13 जानेवारीला अटलांटाविरुद्ध बाद फेरी. पहिल्या क्रमांकाचा संघ, स्वतःच्या मैदानावर, तरी सट्टेबाजांच्या लेखी पडेल. शनिवार दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्यामुळे आमच्या ओळखीत एका घरी हळदीकुंकू होतं. बायका वर, पुरुष तळघरात टीव्हीसमोर. जो येई तो ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणून वडी हातावर ठेवी, आणि वडी गिळायच्या आत फोल्सला शिव्या घाली. मध्यंतराला काही सेकंद उरलेले असताना फोल्सने असा एक पास फेकला की तो सरळ अटलांटाच्या माणसाकडे. काकांनी डोक्याला हात लावला. चेंडू त्या माणसाच्या गुडघ्यावर आपटून उडाला आणि ईगल्सच्या टॉरी स्मिथच्या हातात जाऊन बसला. वीस यार्डांचा फायदा. पाठोपाठ जेक इलियटने 53 यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला.

या एका पासावर तळघरात जी चर्चा झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. काकांचं म्हणणं, फेक टाकाऊ होती, यातच सगळं आलं. त्यांचा जावई म्हणाला, तीन गुण आले, यातच सगळं आलं. जिन्यावरून काकूंची तिसरी हाक आली, ‘जेवायला येताय की मी झाकून ठेवू?’ आणि तरी कुणी उठेना. हेच तर मी म्हणतोय. नेहमीच्या वेंट्झने तोच पास नीट टाकला असता तर पुरणपोळी गरम मिळाली असती.

ईगल्स 15-10 जिंकले. काका म्हणाले, बचावाने जिंकवलं. पुढच्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध 38-7, फोल्सचे 33 पैकी 26 पास आणि तीन टचडाउन. काका म्हणाले, ते सोपं होतं. 4 फेब्रुवारीला मिनियापोलिसमध्ये सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, समोर न्यू इंग्लंडचा नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. मध्यंतराआधी चौथा प्रयत्न, रेषा एका यार्डावर. फोल्स कोचपाशी जाऊन डावाचं नाव विचारतो, कोच क्षणभर थांबून हो म्हणतो, आणि चेंडू दोन हातांतून फिरून शेवटी क्वार्टरबॅकनेच झेललेला टचडाउन होतो. 41-33. फोल्स सामनावीर.

अशा दिवशी काय करायचं हे तयार ठेवा, नाहीतर गडबडायला होतं. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ एवढंच. कधी, कुणाला, हे सांगायचं नाही. आमच्या टोपीवाल्याने सोमवारी डावा खिसा असा काही उघडला की 2013 चे 27 टचडाउन त्याने स्वतः फेकले असावेत. त्या सप्टेंबरात स्टेडियमबाहेर फोल्स आणि पीडरसनचा पुतळा उभा राहिला, तोच डाव ठरवतानाचा. दोघांच्या मधे उभं राहून काढलेला फोटो टोपीवाल्याने आपल्या टेबलावर लावला.

फोल्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात: जॅक्सनव्हिलला मोठ्या पैशांवर गेला आणि पहिल्याच सामन्यात खांद्याजवळचं हाड मोडून बसला. बरा होऊन आला, तर काही सामन्यांत त्याला बसवून त्याच्याच बदलीला खेळवलं. दोन्ही खिसे अजून भरलेलेच.

जानेवारी 2021, मोसमाचा शेवटचा सामना, वॉशिंग्टनविरुद्ध. ऑफिस बंद, सगळे घरून काम करणारे, त्यामुळे पुड्या नव्हत्या. ईगल्स फक्त तीन गुणांनी मागे होते आणि चौथ्या सत्रात पीडरसनने क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून कुणाला आणलं? सडफेल्डला. 12 पैकी 5 पास, एक प्रतिस्पर्ध्याच्या हातात, वर एक चेंडू हातून निसटला. 20-14 पराभव. आठवडाभराने पीडरसनची नोकरी गेली.

सामना संपायच्या आतच माझा फोन वाजला. टोपीवाल्याचा मेसेज होता: ‘सडफेल्ड?? अरे, या कोचला काय कळतंय!’