यादी आधी की विचारणा आधी?

समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा मिटवून मुलं एका मोठ्या शाळेत आणण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘अमेरिकेत पट घसरला की शाळा सरळ बंद करतात, पालकांना विचारत बसत नाहीत.’ सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हे चालू आहे. इथे कॅलिफोर्नियात मुलं शाळेत घातलेल्या कुणालाही याची चीड येईल, कारण ते धादांत खोटं आहे.

न विचारता करायला गेलं की काय होतं, त्यासाठी इथल्या ओकलंड शहराचंच बघा. जानेवारी २०२२ मध्ये बंद करायच्या शाळांची यादी आली आणि फेब्रुवारीत निवडून आलेल्या शाळा बोर्डाने ठराव करून टाकला. दोन शिक्षक उपोषणाला बसले, निवडणुकीत बोर्ड बदललं, आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या बोर्डाने तोवर बंद न झालेल्या शाळांपुरता तो ठराव फिरवला. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२४ मध्ये यादी जाहीर झाली. त्याच महिन्यात सुपरिंटेंडेंटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याने, राजीनामा दिला आणि प्रकरण थांबवावं लागलं. दोन्हीकडे पट घसरला होता, पैशांची तंगीही खरी होती. तरी लोक बिथरले, कारण यादी हातात पडल्यावर मागितलेलं मत म्हणजे संमतीची सही, हे त्यांना कळत होतं.

आता रीतसर विचारणा कशी होते ते सांगते. २०१३ च्या कायद्यानुसार इथल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, तीन वर्षांचा ‘एलकॅप’ म्हणजे उद्दिष्टं आणि खर्चाचा आराखडा करावा लागतो आणि तो दरवर्षी १ जुलैपर्यंत मंजूर व्हावा लागतो. त्याआधी पालक, विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांच्या युनियन यांच्याशी सल्लामसलत सक्तीची. जाहीर सुनावणी एका बैठकीत, मंजुरी नंतरच्या दुसऱ्या बैठकीत. एकाच दिवशी दोन्ही उरकता येत नाही. विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ मिळतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पालक सल्लागार समितीने मसुद्यावर जे मत दिलं, त्याला सुपरिंटेंडेंटने लेखी उत्तर द्यायचं. ‘मान्य नाही’ असं उत्तर असलं तरी चालतं, पण ते कागदावर हवं.

एवढं असूनही चुका होतात, आणि बहुतेक चुका वेळेच्या असतात. शिक्षक कपातीच्या पहिल्या नोटिसा १५ मार्चच्या आत जातात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पदांचं बरंचसं तोवर ठरलेलं असतं. सर्व्हे मात्र कितीतरी डिस्ट्रिक्ट एप्रिलमध्ये पाठवतात. मग पालक ‘वाचनाला जादा शिक्षक हवा’ लिहितात आणि पैसा आधीच वाटून झालेला असतो. विचारायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. दुसरी चूक मोजणीची. उत्तरांची एकूण संख्या बघून खूश होण्यात अर्थ नाही. शाळावार पट एका रकान्यात, आलेली उत्तरं शेजारच्या रकान्यात मांडा. सधन वस्तीतल्या शाळेतून निम्म्या घरांनी उत्तर दिलं आणि फ्रीवेपलीकडच्या शाळेतून मूठभरच आली, तर ती सरासरी कुणाचीच नसते. तिथे लिंक पुन्हा पाठवून उपयोग नाही. संध्याकाळी शाळा सुटताना गेटवर कागदी फॉर्म आणि भाषा जाणणारा माणूस उभा करावा लागतो. दहाच्या आत उत्तरं असतील तर ती वेगळी छापू नयेत, माणूस ओळखू येतो.

प्रश्नही नीट विचारायला हवेत. ‘शाळेतील सुविधांबाबत आपण समाधानी आहात का?’ याला लोक ‘होय’वर खूण करून मोकळे होतात. समूह शाळेबद्दल विचारायचं तर असं विचारा: मूल आता किती वाजता घरातून निघतं? नव्या शाळेच्या वाटेत ओढा लागतो का, जुलैत तो किती दिवस ओलांडता येत नाही? गाडी चुकली तर मुलीला कोण पोचवणार? एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा हा मुलांचा हक्क आहे, त्यामुळे हे प्रश्न सवलतीचे नाहीत.

आणि महाराष्ट्रात हे विचारायला नवं काही उभारायलाही नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे: तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तिनेच करायचा आहे. पण कलम २१ आणि २२ मध्ये तिच्या हरकतीला वरून लेखी उत्तर देण्याचं बंधन नाही. तिथेच गाडी अडते. इतिवृत्ताचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं, कारण ते पुढे कुणी वाचणार नाही हे सह्या करणाऱ्यांना ठाऊक असतं. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अशा सभेत शाळेचा ठराव घेऊ नये.

इथून हे लिहिणाऱ्या आमच्यापैकी अनेकांना बोर्डाच्या निवडणुकीत मत नाही. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असू द्या की ग्रीन कार्डवर, सॅन फ्रान्सिस्कोसारखा अपवाद सोडला तर फक्त बोलण्याची दोन-तीन मिनिटं आमची. तरी ती वाया गेली असं वाटत नाही, कारण बोललेलं नोंदीत राहतं. गावच्या शाळेबाबत उलटं आहे. मत तिथे शाबूत आहे, शाळेत शिकलोही तिथेच, आणि आता तिच्याबद्दल बोलण्याचा आमचा हक्क उरला नाही हे मनाला लागतं. म्हणूनच अमेरिकेचा दाखला कुणी चुकीचा दिला की आम्ही इतके तुटून पडतो. पण ही विचारणा आमच्यापर्यंत येऊच नये. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात, म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ज्यांचं मूल आज त्या शाळेत आहे त्या प्रत्येक घरी जाऊन विचारावं, आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने सहीनिशी दिलेलं उत्तर २ ऑक्टोबरच्या सभेत वाचून दाखवावं.