ॲलेक्स स्मिथचा पाय कापला गेला नव्हता

अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक (संघाचे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) ॲलेक्स स्मिथ पाय कापल्यानंतर कृत्रिम पायावर मैदानात परतला आणि त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी वॉशिंग्टनकडून ह्यूस्टनविरुद्ध खेळताना त्याच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडली आणि हाड त्वचेबाहेर आले, जखमेत मांसपेशी कुजवणारा जंतुसंसर्ग झाला आणि पाय कापण्याचा विचार डॉक्टरांना खरोखरच करावा लागला. मात्र एकूण १७ शस्त्रक्रिया करून, डाव्या मांडीचा स्नायू उजव्या पायात बसवून तो पाय वाचवण्यात आला. योगायोग असा की, याच संघाचा क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय १९८५ मध्ये याच तारखेला मोडला होता आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही.

स्मिथ ११ ऑक्टोबर २०२० रोजी, ६९३ दिवसांनी, स्वतःच्या पायांवर परतला. त्या हंगामात तो सुरुवातीपासून खेळला अशा सहा सामन्यांपैकी पाच संघाने जिंकले, पण वॉशिंग्टनला मिळाले ते केवळ गटाचे अव्वल स्थान. पोटरीच्या दुखापतीमुळे बाद फेरीत तर तो खेळलाच नाही. सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार मिळाल्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.