आत्याचे ताट

माझ्या आत्याला क्षयरोग झाल्याचे कळले, तेव्हा नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरात त्याच संध्याकाळी तिचे ताट, वाटी आणि पेला बाजूला काढण्यात आला. ती झोपत असे त्या खोलीची खिडकी मात्र नागपूरच्या डिसेंबरातील थंडीच्या धास्तीने बंदच राहिली. हा रोग उष्ट्याने पसरत नाही. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो किंवा बोलतो, तेव्हा बाहेर पडणारे जंतू अतिसूक्ष्म कणांतून कोंदट हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुफ्फुसात शिरतात. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू 1882 मध्ये जगासमोर मांडला. आमच्या घराला ते अजून उमगायचे होते.

जंतू शिरला म्हणजे रोग झाला, असेही नाही. शरीरातील पेशी त्याला घेरून गाठीत कोंडतात, आणि लागण झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखूचे व्यसन यांनी प्रतिकारशक्ती खचली की तो कोंडलेला जंतू डोके वर काढतो. आत्याला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, तरीही एका खाजगी दवाखान्यात तिला दोन महिने केवळ खोकल्याचे औषध देत राहिले, याचा मला अजूनही संताप येतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासायलाच हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत तपासली जाते.

त्या दोन महिन्यांत तिचे वजन नऊ किलोंनी घटले. रोज संध्याकाळी कणकण, रात्री घामाने भिजलेली उशी, आणि शेवटी थुंकीतून रक्त. कारण जंतूंनी फुफ्फुसाचा भाग कुजवून तेथे पोकळी केली होती. (हाच रोग मानेच्या गाठी, मणके, मेंदूचे आवरण, गर्भाशय यांनाही होतो आणि तेव्हा खोकला असेलच असे नाही.)

योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णापासून होणारा संसर्ग बहुधा थांबतो, पण जंतू अतिशय सावकाश वाढत असल्याने गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्यास औषधांना न जुमानणारा क्षय होण्याचा धोका असतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसे धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटले होते. म्हणून मी म्हणतो, ताट वेगळे करू नका, ते भरा.

आत्याने सहा महिने एकही गोळी चुकवली नाही. ती बरी झाली, परंतु व्रण राहिलेल्या फुफ्फुसामुळे वाड्याचा जिना चढताना ती अजूनही मध्येच थांबते.